उलट्या तळ्याचं रसग्रहण

नांदेड,
रविवार, २ नोव्हेंबर

प्रिय संगमेश्वर,

हे पत्र तुला अंबिका वाचून दाखवत असेल, म्हणून पहिला नमस्कार तिला. पोरी, माझं अक्षर आता बिघडलंय, हात थरथरतो. एखादा शब्द लागला नाही तर मागचंपुढचं बघून लावून घे. पण एक विनंती आहे. मधे काहीही आलं तरी गाळायचं नाही. तुझे मामंजी चित्रकलेचे मास्तर असले तरी त्यांचे कान तयार आहेत. एक ओळ सुटली तर म्हणतील, काय खाल्लंस गं? बुद्धप्रिया म्हणत होती, "आबा, पत्र कशाला? बोला अन् पाठवून द्या, ते ऐकतील." तिचंही खरं आहे. पण फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला तोडतोस आणि "ठेव आता, माझा चहा आलाय" म्हणतोस. पत्राला तोडता येत नाही. माझा स्वार्थ एवढाच.

बातमी अशी की वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी मी थेटरात जाऊन कार्टून बघून आलो. आमच्या अश्वजितची ही बुद्धप्रिया, जिनं तुझ्या मांडीवर बसून तुझा चष्मा मोडला होता, ती आता अकरावीला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिच्या मैत्रिणी ऐनवेळी फिरल्या, घरात दुसरं कुणी रिकामं नव्हतं, म्हणून मला धरलं. म्हणाली, "चला आबा, तुमच्या कवितेसारखाच हाय." कवितेचं नाव काढल्यावर मी कुठे नाही म्हणणार! तिकिटाच्या खिडकीतल्या बाईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "काका, कार्टून हाय बरं का ते. मारामारीचा पलीकडच्या पडद्यावर हाय." मी काही बोलायच्या आत बुद्धप्रिया तणतणली, "कार्टून न्हाई, ॲनिमे म्हणायचं." आत आम्ही धरून नऊ माणसं. एवढ्या मोठ्या थेटरात नऊ! इस्लापूरला तंबूत सिनेमा यायचा तेव्हा कनातीच्या बाहेरच नव्वद असायची.

सिनेमा जपानी. बोलणं जपानी आणि खाली इंग्रजी अक्षरं पळतात. मी वाक्याच्या कर्त्यापाशी पोचायचो तोवर क्रियापद निघून गेलेलं असायचं. पंधरा मिनिटं झगडलो आणि मग चष्मा सारखा करून ठरवलं, वाचायचंच नाही, नुसतं बघायचं. संगू, त्या क्षणाला तू आठवलास. तू मुलांना म्हणायचास, "वाचू नका रे, बघा. अमृत सरांनी तुमचे डोळे अक्षरांत अडकवून टाकलेत." पुढे चार दिवसांनी हाच सिनेमा नेटवरून घरच्या टीव्हीवर आला तेव्हा बुद्धप्रियानं थांबवून थांबवून अर्थ सांगितला. म्हणजे मी तो दोनदा पाहिला, एकदा तुझ्या पद्धतीनं आणि एकदा माझ्या. तेव्हा त्याचं रसग्रहण करायचा मला पूर्ण अधिकार आहे.

गोष्ट सांगतो. डोंगरात एक गाव आहे, गावाला तळं, आणि तळ्याचं पाणी जिथे खाली पडतं तिथे धबधबा. एके सकाळी लोक तोंड धुवायला तळ्यावर जातात तर पाण्यात कुणाचंच तोंड दिसत नाही. आभाळ दिसतं, झाड दिसतं, काठावर ठेवलेली घागर दिसते, माणूस दिसत नाही. माणसांची प्रतिबिंबं कुणीतरी नेली आहेत. आणि दिवस कलला की त्या रिकाम्या जागेवर दुसरी माणसं दिसायला लागतात. गेलेली माणसं. कुणाचा बाप, कुणाची बहीण. पुसट, पाण्याबरोबर हलणारी. बोलत नाहीत, नुसती उभी असतात. गाव आधी घाबरतं आणि मग गावाला त्याची गोडी लागते. भात पिकून शेतात झडायला लागतो तरी कुणी कापणीला जात नाही, सगळं गाव काठावर बसलेलं. तोमो नावाची एक अकरा वर्षांची मुलगी आहे. तिच्या आजीला पाण्यात आजोबा दिसतात, म्हणून आजी घरी यायचीच बंद होते. पोरगी एकटी चूल पेटवते, करपलेला भात खाते आणि शेवटी धबधब्याच्या मागच्या कपारीतून खाली उतरते. खाली सगळं उलटं. तळं वर, आभाळ पायाखाली. आणि तिथे एक पाय नसलेला बगळा बसलाय, अख्ख्या गावाची प्रतिबिंबं पंखाखाली धरून.

तू आता मान हलवायला लागला असशील. हलव. पण पुढचं ऐक.

मी वर्गात कविता शिकवून बाहेर आलो की व्हरांड्यात तू गाठायचास आणि म्हणायचास, "अमृत्या, आधी दोष सांग. गुण तर तुझ्या तोंडावर पाझरूनच राहिलेत." पण मी परीक्षेच्या शिस्तीतला माणूस. रसग्रहणात आधी सौंदर्य, मग बाकीचं. तर पहिला गुण ऐक. त्या सिनेमात पाणी निळं नाही.

एवढं एकच वाक्य तुला पुरे आहे हे मला ठाऊक आहे. पाऊस झाल्यावर त्या धबधब्याचं पाणी चहासारखं होतं, वरून पांढरा फेस, आणि खडकाला लागतं तिथे जवळजवळ काळं. मी खुर्चीत सावरून बसलो. बुद्धप्रियाला म्हणालो, "हे तर सहस्रकुंड!" मागच्या रांगेतल्यानं शुक् केलं. आपण एक्क्याऐंशी साली सातवीच्या पोरांना घेऊन इस्लापूरहून पायी गेलो होतो, आठवतं? नीला वहिनी डोक्यावर धपाट्यांचं गाठोडं घेऊन पोरांच्या पुढे चालत होत्या, आणि तू मागून ओरडत होतास, "जो पाणी निळं रंगवील त्याला मी पैनगंगेत टाकीन!" एका पोराकडे निळ्याशिवाय रंगच नव्हता. तो रडकुंडीला आला. तेव्हा वहिनींनी धपाट्याच्या फडक्याला लागलेली हळद बोटावर घेऊन त्याच्या निळ्यात कालवली, वर चिमूटभर माती टाकली आणि म्हणाल्या, "घे, झाली तुझी नदी." तू ते चित्र कार्यालयात लावलंस. मी त्या दिवशी धबधब्यासमोर उभा राहून पोरांकडून चालीवर कविता म्हणून घेत होतो, आणि पाण्याच्या आवाजात एक अक्षर ऐकू येत नव्हतं. तरी पोरं गळ्याच्या शिरा ताणून म्हणत होती. माझ्या सगळ्या नोकरीतला तो सर्वांत चांगला तास. कुणालाच काही ऐकू न आलेला.

दुसरा गुण, तो सिनेमा घाई करत नाही. निदान पहिला तासभर. चार-चार मिनिटं कुणी बोलत नाही. तांदूळ धुतलेलं पाणी पायरीवरून ओघळतं, ते कॅमेरा बघत बसतो. कॅमेरा कसला, हातानं काढलेली चित्रं ती, पण बघत बसतात खरी. एका प्रसंगात तर नुसती आजी वाकळ शिवते आहे. तिचा पती गेल्यानंतरचा पहिला हिवाळा, त्याच्याच जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून शिवते. टाका, टाका, टाका. आणि शेवटी कात्री शेजारीच पडलेली असताना मान वाकडी करते, डोळे मिटून घेते आणि दातानं दोरा तोडते. मग ओठाला चिकटलेला धाग्याचा तुकडा फू करून उडवते.

अंबिका, इथे जरा थांब. त्यांना पाणी दे.

संगमेश्वर, मी त्या अंधारात रडलो असं म्हणणार नाही, कारण बुद्धप्रिया ते खोडून काढील आणि सांगील की आबा तर हुंदकेच देत होते. एकोणऐंशी साली मी इस्लापूरला रुजू झालो तेव्हा आठ दिवस शाळेच्या वर्गात झोपत होतो. आडनाव सांगितलं की रिकामी खोली कालच कुणाला तरी दिलेली असायची. त्या दिवसांत कुणी कुणाला जाब विचारत नव्हतं, मीही नाही विचारला. नवव्या दिवशी तू उदगीरच्या ठसक्यात म्हणालास, "यप्पा, वर्गात काय झोपतोस? माझी खोली मोठी हाय." मोठी कसली, दहा बाय बारा. मधे धोतर बांधून तू तिचे दोन भाग केलेस. घरमालक बडबडला तेव्हा त्याला म्हणालास, "अर्धी खोली माझी हाय, त्या अर्धीत मी कुणालाबी ठेवीन." पुढे लग्न होऊन नीला वहिनी आल्या, मला वाटलं आता गाशा गुंडाळायचा. तर त्यांनी दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी धोतराच्या जागी जुन्या लुगड्यांची वाकळ टांगली आणि म्हणाल्या, "भाऊजी, धोतरातून वारं लागतं." वाकळ शिवताना त्या तशाच दोरा तोडायच्या. मान वाकडी, डोळे मिटलेले, आणि मग फू. तू म्हणायचास, "कात्री काय पूजेला आणलीय?" त्या म्हणायच्या, "कात्रीला चव न्हाई."

बरं, आता दोष. तुझा आवडता भाग.

पहिला दोष, उत्तरार्धात दिग्दर्शकाला कुणीतरी सांगितलं असावं की लोक कंटाळतील. मग एकदम गर्दी. उडणारे मासे काय, कंदिलाच्या तोंडाची माणसं काय, छत्री घेतलेला बेडूक काय. कुणाचं काय काम आहे ते कळायच्या आत पुढचा हजर. मी म्हटलं, बुद्धप्रिया, ही कल्पनाशक्ती नाही, हा आठवडी बाजार आहे. तिला राग आला. "आबा, त्यांचं अख्खं जग तयार करून राहिलेत ते." मी म्हटलं, जग तयार करायला एक तळं पुरलं होतं की! आठवतं ना, निबंधात पोरं 'चंद्र, तारे, फुले, पाखरे, दवबिंदू' सगळं एकाच वाक्यात कोंबायची. मी खाली लिहायचो, यातलं एकच ठेव. हे तसंच.

दुसरा दोष, बगळा फार बोलतो. पहिल्या भेटीत तो नुसता बघतो तेव्हा भीती वाटते. दुसऱ्या भेटीत तो आपण प्रतिबिंबं का चोरली याचं स्पष्टीकरण देतो, तेही दहा मिनिटं, आणि सगळी भीती जाते. कवितेखाली कवीनंच भावार्थ लिहावा तसं झालंय. तिसरा दोष म्हणजे संगीत. जिथे गप्प राहायचं तिथे ते ढोल वाजवतात. आणखी एक खटकलं, गावातल्या पाण्यात तोंड दिसत नाही पण आजीच्या घरातल्या आरशात दिसतं. मी हा मुद्दा काढला तर बुद्धप्रिया म्हणे, "तो पाण्याचा नियम हाय आबा, आरशाचा न्हाई." यावर आमचं दोन दिवस भांडण चाललं. शेवटी आतून आमची ही म्हणाली, "तुम्हा दोघांना वाढायचं का न्हाई?" तेव्हा थांबलं.

अशी चूक शोधणं हे खरं तर माझं कामच नव्हे, तुझं. तुझे शनिवार आठवतात मला. सकाळची शाळा, शेवटचा तास, आणि तू फळ्यावर रंगीत खडूनं भलं मोठं चित्र काढून ठेवायचास. त्यात एक चूक मुद्दाम केलेली असायची. बैलाच्या शिंगापुढे कान, नाहीतर सूर्य आणि सावली एकाच अंगाला. जो शोधील त्याला लिंबाची गोळी. पोरं फळ्याला नाकं लावून उभी राहायची. मी मागच्या बाकावर बसून अकरा वर्षं बघितलं आणि मला एकदाही चूक सापडली नाही. तू पोरांसमोर म्हणायचास, "अमृत सरांना गोळी नको, त्यांना कवितेनंच शुगर होईल." आणि तो एक शनिवार! अर्धा तास झाला, कुणाला काही सापडेना. तेव्हा शेवटच्या बाकावरची धोंडाबाई भीत भीत उठली आणि म्हणाली, "सर, आज चूक न्हाईच." तू तिला दोन गोळ्या दिल्यास. मला तेव्हा कळलं की तू पोरांना चित्र शिकवत नव्हतास, डोळे लावून बघायला शिकवत होतास. माझ्या तीस पिढ्या पाठ करून गेल्या असतील, पण बघायला शिकलेली पोरं तुझी.

आता त्या सिनेमाचा सर्वांत मोठा दोष सांगतो, आणि तो सांगताना मला थोडं आडवळणानं जावं लागेल. तोमोला खाली कळतं की प्रतिबिंबं परत नेता येतील, पण मग पाण्यातली गेलेली माणसं मावळतील. दोन्ही एका जागी राहत नाहीत. म्हणजे आजी घरी यायला हवी असेल तर आजोबा पुन्हा जाणार. ती पोरगी पंखाखालून सुटलेलं आजीचं प्रतिबिंब ओंजळीत धरून उभी राहते आणि तिला पाऊल उचलवत नाही. संगू, इथवर हा सिनेमा कवितेच्या उंचीला गेलाय. थेटरात नऊच माणसं होतो, पण नऊही श्वास धरून होतो. आणि मग काय करतात? तोमोचा अश्रू तळ्यात पडतो, प्रकाश फाकतो आणि दोन्ही मिळतं! प्रतिबिंबं परत येतात आणि आजोबाही पाण्यात हसत राहतात. ढोल वाजतात. मी उठून उभाच राहिलो. ही फसवणूक आहे. ज्या माणसानं एवढा खरा प्रश्न विचारला, तो उत्तराच्या वेळी घाबरला.

मला इतका राग का आला, हे मला घरी आल्यावर कळलं. अंबिका, आता जे येईल ते गाळू नकोस. थांबायचं तर थांब, पण गाळू नकोस.

संगमेश्वर, वहिनी गेल्यावर यंदाच्या श्रावणात तू मला फोनवर एक गोष्ट सांगितलीस. म्हणालास, डोळ्यांवर पिवळसर धुकं आलंय ते लोकांना वाईट वाटतं, पण दुपारी माजघराच्या दारात जांभळं लुगडं येऊन उभं राहतं. "मला माहीत हाय ती अंबिका हाय. पण अमृत्या, अर्ध्या क्षणासाठी ती अंबिका नसते." मग म्हणालास, डोळा साफ झाला की ते दार रिकामं होईल, मग बघायचं काय उरलं? आणि मला शपथ घातलीस. ती मी आज मोडतोय, कारण गेल्या महिन्यात दुसरा फोन आला. अंबिकाचा. ती रडत होती. म्हणाली, "काका, मामंजींनी एकदा मला 'नीला' म्हणून हाक मारली. मी दुरुस्त केलं न्हाई. तवापासून मी आत्याबाईंचीच जांभळी साडी नेसते दुपारी, अन् दारात जरा थांबते. मुद्दाम. आता डॉक्टर म्हणून राहिलेत की डोळा हातचा जाईल. मीच त्यांना अडवून राहिले का हो?" दोघांनी एकमेकांपासून जपलेलं गुपित मी दोघांनाच सांगतोय, तेव्हा याला चुगली म्हणता येणार नाही. म्हणायची असेल तर म्हणा. माझ्या खात्यावर टाका.

अंबिका, तू काही चूक केली नाहीस. नीला वहिनी असत्या तर तुला जवळ घेतलं असतं.

पण मास्तर, मला एक सांग. दारातली ती नीला काय करते? काही करते का? नाही. ती उभी असते, तळ्यातल्या माणसांसारखी. बोलत नाही, कुणाच्या निळ्यात हळद कालवत नाही, तुला "चहा गार झाला" म्हणून खडसावत नाही. ज्या नीलानं मान वाकडी करून दोरा तोडला ती तुला धुक्यात दिसली नव्हती. ती आपण दोघांनी लख्ख डोळ्यांनी पाहिली, रोज पाहिली, म्हणून चाळीस वर्षांनी एका जपानी म्हातारीत मला ती ओळखू आली. मलासुद्धा, ज्याला आयुष्यात शिंगापुढचा कान दिसला नाही. त्या सिनेमासारखं तुला दोन्ही मिळेल असं मी सांगणार नाही. डोळा साफ झाला की दारात अंबिका दिसेल, फक्त अंबिका. तुला वाईट वाटेल. पण तिच्या चेहऱ्यावर वर्षभरात काय काय उमटलंय, तेही तुला पहिल्यांदा दिसेल. ते कुणीतरी बघायला हवंय. आणि त्या दारातल्या अर्ध्या क्षणासाठी पोरगी रोज उभी राहते, तिला आता बसू दे.

आता मुद्द्याचं. तुझ्या मृत्युंजयनं डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सतरा तारखेची वेळ तिसऱ्यांदा घेतली आहे. पहिल्यांदा तू सर्दीचं निमित्त काढलंस, दुसऱ्यांदा दवाखान्याच्या पायरीवरून रिक्षात परत बसलास. यापुढे थांबलं तर मोतीबिंदू कडक होऊन डोळ्याचा दाब वाढेल, मग धुकंही राहणार नाही, नुसता अंधार, आणि त्यात जांभळं काही दिसत नाही. तुला समजावून सांगणारे पुष्कळ झाले, मी समजावत नाही. मी फक्त एवढं कबूल करतो की हे पत्र म्हणजे तुझा फळा आहे. या सिनेमाबद्दल मी वर जे सांगितलं त्यात एक गोष्ट मुद्दाम चुकीची घातली आहे. कदाचित बगळ्याला दोन्ही पाय असतील. कदाचित पाणी निळंच असेल, आणि मी तुला खूश करायला चहाचं केलं असेल. कदाचित ती आजी कात्रीनंच दोरा तोडत असेल. किंवा धोंडाबाईच्या शनिवारासारखं, चूक नसेलच. अंबिकाला विचारू नकोस, तिला माहीत नाही. बुद्धप्रियाला मी शपथ घातलीय, आणि ती माझ्यासारखी शपथ मोडणारी नाही. हे फक्त बघून कळेल, आणि तुझ्याच डोळ्यांनी. पंधरा तारखेच्या शनिवारी सकाळच्या गाडीनं अहमदपूरमार्गे मी आणि आमची ही लातूरला येतोय. सोमवारी तुझ्या रिक्षात मी शेजारी बसेन, म्हणजे परत वळायला तुला माझ्या अंगावरून जावं लागेल. मग डॉक्टर म्हणतील तेवढे दिवस मी राहीन, आणि एक दिवस आपण टीव्हीपुढे बसू. मी काही बोलणार नाही, तू बघ. लिंबाच्या गोळ्या घेऊन ठेवल्यात. दोन.

तुझाच,
अजून तुझ्या अर्ध्या खोलीत राहणारा,
अमृत